हौशी सायकलस्वाराचे मागणे

वार्षिकाच्या संपादकांनी ‘आपल्या आवडीच्या विषयावर चार शब्द लिहून द्यावेत’ अशी आम्हांस सूचना केली, तेव्हा आम्ही प्रथम काहीसे संकोचलो. आमच्या आवडीचा विषय एकच, आणि त्यास घरच्या मंडळींनी ‘खूळ’ व शेजाऱ्यांनी ‘पोरखेळ’ ही नावे केव्हाच देऊन टाकलेली आहेत. तो विषय म्हणजे सायकल. जिच्यावर दूधवाला रतीब घालतो, वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा गल्लोगल्ली फिरतो आणि आसपासच्या खेड्यांतील कित्येक विद्यार्थी याच शाळेत येतात, तिच्याविषयी लिहिण्यासारखे नवीन ते काय, असे कोणासही वाटेल. परंतु नित्य परिचयाच्या वस्तूकडेच माणसाचे लक्ष सर्वांत कमी जाते. शिवाय या निमित्ताने आम्हांस एक मागणे मांडावयाचे आहे. ते लेखाच्या अखेरीस येईल. तोवर वाचकांनी थोडा वेळ आमच्या मागोमाग यावे, एवढीच विनंती.

आरंभी ‘हौशी’ या शब्दाविषयी. आपल्याकडे हा शब्द जरा हिणवूनच वापरण्यात येतो. ‘हौशी गवई’ म्हटले की ऐकणारा कानांवर हात ठेवावयास सिद्ध होतो. वस्तुतः यात्रेला हौशे, नवशे व गवशे असे तीन प्रकारचे लोक जमतात, असे आपण म्हणतो. नवशाला देवाकडून काही हवे असते. गवशाला दुसऱ्याच्या खिशातून काही हवे असते. यात्रेसाठी म्हणून यात्रेला आलेला असा एकटा हौशाच. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलीवर जगाची प्रदक्षिणा करावयास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ मध्ये परत आले. त्यांना कोणी वेतन दिले नव्हते, की कोणी बक्षीस लावले नव्हते. हौस हा शब्द हलका नाही, याला हा एक दाखला पुरे आहे.

आमची हौस अर्थातच इतकी लांब पल्ल्याची नाही. दुकानातून तासाच्या भाड्याने आणलेल्या, आपल्यापेक्षा उंच सायकलीच्या नळीखालून पाय घालून आम्ही शिकलो, ढोपरे फोडून घेतली आणि आज वयाची चाळिशी उलटल्यावरही रोज सकाळी सायकल बाहेर काढतो. जळगावात राहणाऱ्या सायकलस्वाराचा दिवस ऋतूप्रमाणे बदलतो. वैशाखात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर चढतो. तेव्हा आठच्या आत घर गाठले नाही, तर हँडलची दांडी हाताला चटका देते. म्हणून पहाटे पाचला निघावयाचे. मेहरूण तलावाच्या काठाने फेऱ्या मारावयाच्या, किंवा बांभोरीजवळचा गिरणेचा पूल ओलांडून पाळधीपर्यंत जाऊन यावयाचे. पावसाळ्यात शेतरस्त्याला लागण्याचा मोह ज्यास आवरत नाही, त्याची काळी माती चांगली खोड मोडते. ती चाक व मडगार्ड यांच्यामध्ये अशी गच्च बसते की, चाक जागचे हलत नाही. मग जिने आपणांस वाहून न्यावयाचे तिलाच आपण खांद्यावर वाहून आणतो. हिवाळा मात्र राजाचा. थंडी अंगाला बोचत नाही, आभाळ स्वच्छ असते, आणि कापसाच्या गाड्यांखेरीज रस्त्यावर फारसे कोणी नसते.

या सर्व ऋतूंत समान असलेली एक गोष्ट म्हणजे बाभळीचा काटा. शेताच्या कुंपणासाठी तोडलेल्या काट्या बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून जाताना वाटेवर सांडतात आणि सायकलीची वाट पाहत पडून राहतात. आमच्या पिशवीत पाण्याच्या बाटलीआधी ठिगळे, सोल्यूशन व पंप ही सामग्री असते. वाटेतल्या खेड्यात कोणाकडून तरी घमेलेभर पाणी मागावे, ट्यूब त्यात बुडवून बुडबुडे कोठून येतात ते पाहावे आणि भोवती जमलेल्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत, हा आमच्या हौसेचा नित्याचा भाग आहे. ‘काका, फटफटी नाही का तुमच्याकडे?’ हा त्यांतील पहिला प्रश्न. त्याचे समाधानकारक उत्तर आम्हांस अद्यापि सापडलेले नाही.

मुंबई ते पुणे या सुप्रसिद्ध शर्यतीत स्वारांस बोरघाट चढावा लागतो, व जो तो सर्वांआधी चढतो त्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविण्यात येते. जळगाव-धुळ्याच्या सपाटीवर तसा घाट नाही. परंतु घाटाची उणीव आमच्याकडे वारा भरून काढतो. आषाढात पश्चिमेकडून सुटणारा हा वारा किती नेटाचा असतो, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर उभ्या असलेल्या पवनचक्क्या पाहाव्यात. ज्यांना तो अनुभवावयाचा असेल त्यांनी त्याच दिवसांत जळगावहून धुळ्यास सायकलीने निघावे. पाळधी, एरंडोल, पारोळा, फागणे अशी ही सुमारे नव्वद किलोमीटरांची वाट सबंध पश्चिमेकडे तोंड करून आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही व आमचे तीन सोबती, असे चौघे प्रथमच या वाटेने गेलो, तेव्हा प्रत्येकजण आपापल्या परीने वाऱ्याशी झगडत होता. ज्याच्यात जोर अधिक तो पुढे निघून जाई आणि पुढच्या झाडाखाली धापा टाकत बसलेला सापडे. एरंडोल येईतो चौघांचीही पुरती दमछाक झाली. तेथे चहा घेताना एका सोबत्याच्या ध्यानात आले की, आपण एकामागे एक, पुढच्याच्या चाकाला जवळजवळ चाक लावून चाललो, तर वारा फक्त पहिल्यालाच सोसावा लागेल. मग एकेका किलोमीटरास पाळी बदलावयाची असे ठरले. पहिल्याने आपली पाळी झाली की बाजूला सरावे, मागच्या तिघांना पुढे जाऊ द्यावे आणि शेपटाला लागावे. त्या दिवशी एरंडोलपर्यंत जितके कष्ट पडले, त्याहून कमी कष्टांत आम्ही त्याच्या दुप्पट वाट कापली व दिवेलागणीच्या पुष्कळ आधी पांझरेचे पात्र पाहिले.

आपण काही नवीन शोध लावला, असे आम्हांस त्या वेळी वाटले होते. पुढे कळले की, या एकाच युक्तीवर उभा असलेला एक सबंध खेळ जगात शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि तो रस्त्यावर नव्हे तर बांधीव रिंगणात खेळतात. इंग्रजीत या रिंगणास व्हेलोड्रोम म्हणतात. ते लंबवर्तुळाकार असून हल्लीच्या जागतिक स्पर्धांत त्याची एक फेरी २५० मीटरांची असते. वळणावर जमीन आतल्या बाजूला इतकी कललेली असते की, पायी चालणाऱ्यास तेथे उभे राहणेही कठीण; आंतरराष्ट्रीय रिंगणांत हा कल सुमारे ४२ ते ४५ अंशांचा असतो. गोफणीतील दगड जसा बाहेर निसटू पाहतो, तद्वत वेगाने वळणारा स्वार बाहेर फेकला जाऊ पाहतो. जमीनच कललेली असली म्हणजे ती त्यास आत ढकलून धरते. हा कल डोळ्यांना भीतिदायक दिसला, तरी तेथे भय वेगाचे नाही, संथपणाचे आहे. वेग पुरेसा नसेल तर चाक घसरते.

या रिंगणातील सायकलीस ब्रेक नसतो, आणि फ्रीव्हीलही नसते. चाक फिरते तोवर पायडल फिरते, व पायडल फिरते तोवर पाय फिरतात. आपल्या नेहमीच्या सायकलीवर उताराला लागलो की, आपण पाय स्थिर ठेवून स्वस्थ बसतो. येथे ती सोय नाही. प्रथम ऐकताना ही व्यवस्था वेडेपणाची वाटते. परंतु विचार केला म्हणजे तिचे मर्म उमगते. कोणालाच एकदम थांबता येत नसल्यामुळे पुढचा स्वार अकस्मात थांबेल ही भीती मागच्यास राहत नाही, आणि प्रत्येकास पुढचे पाहूनच चालावे लागते.

आमच्या आवडीची शर्यत म्हणजे चौघांच्या चमूची चार हजार मीटरांची पाठलाग-शर्यत. दोन चमू रिंगणाच्या समोरासमोरच्या बाजूंनी एकाच क्षणी सुटतात व एकमेकांचा पाठलाग करितात. चौघेही आमच्या एरंडोलच्या युक्तीप्रमाणे एका ओळीत असतात. पुढचा वारा फोडतो; त्याची पाळी संपली की तो वळणावर वरच्या बाजूस चढतो, ओळ खालून निघून जाते आणि तो उतरून शेवटच्या चाकामागे लागतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील ही शर्यत आम्ही रात्री जागून मोबाईलच्या लहानशा पडद्यावर पाहिली. ऑस्ट्रेलियाच्या चमूने एका फेरीत ३ मिनिटे ४०.७३० सेकंद असा तेव्हाचा विश्वविक्रम केला. म्हणजे ताशी सुमारे पासष्ट किलोमीटरांचा वेग, तोही जागच्या जागी उभे राहून आरंभ केल्यावर. अंतिम शर्यतीत त्यांची गाठ ब्रिटनशी पडली. अगदी शेवटी ब्रिटनचा एक कसलेला स्वार खोगिरावरून किंचित घसरला, आणि सुवर्णपदक ऑस्ट्रेलियास गेले.

परंतु या शर्यतीचा जो नियम आम्हांस विशेष मोलाचा वाटतो, तो वेगाचा नाही. चमूचा काळ पहिल्या स्वारावर मोजीत नाहीत. तिसऱ्या स्वाराचे पुढचे चाक रेघ ओलांडील तेव्हा घड्याळ थांबते. पहिला कितीही बलवान असो, तो एकटा पुढे पळाला तर त्याचा उपयोग शून्य. किंबहुना त्याने तसे केले तर मागच्या दोघांवर वारा येतो व चमूचा तोटाच होतो. आणि चौथा? चौथ्याने आपली सारी शक्ती वाटेतच खर्च करावी, शेवटची पाळी प्राणपणाने खेचावी आणि मग ओळीतून बाजूला व्हावे, हेही नियमास धरूनच आहे. त्याचे नाव पदकावर इतरांच्या बरोबरीने लागते. शाळेत शिकविलेले कित्येक धडे आम्ही विसरलो. परंतु सहकार्य म्हणजे काय, हे असे स्पष्ट करून सांगणारा दुसरा धडा आम्हांस कोठे आढळला नाही.

या खेळाची आणखी एक गंमत विद्यार्थ्यांस सांगितली पाहिजे. आपल्या स्नेहसंमेलनात सावकाश सायकलीची शर्यत असते. जो पाय न टेकता सर्वांत मागून पोहोचतो तो जिंकतो, आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. हीच गोष्ट जगज्जेते करितात, असे सांगितल्यास कोणी विश्वास ठेवणार नाही. परंतु दोघांच्या धावशर्यतीत पुढे असणाऱ्यास वारा सोसावा लागतो व मागचा दिसत नाही, म्हणून दोघेही आरंभी मागे राहू पाहतात. कधीकधी तर ते कललेल्या वळणावर सायकल उभी करून, पाय न टेकता, जागच्या जागी तोल सांभाळीत राहतात. मग एकाचा धीर सुटतो, किंवा एकाची नजर क्षणभर हलते, आणि पुढच्या दहा-अकरा सेकंदांत सारा निकाल लागतो. तेव्हा सावकाश सायकलीचे बक्षीस मिळविणाऱ्या मुलामुलींनी आपले कौशल्य हलके समजू नये.

हा खेळ परक्यांचा, आपणांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. तर १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताचे सायकलपटू उतरले होते, आणि १९५१ साली दिल्लीस भरलेल्या पहिल्या आशियाई खेळांत याच चौघांच्या पाठलाग-शर्यतीत भारताने रौप्यपदक मिळविले होते. त्यानंतर मात्र दीर्घकाळ आपण मागे राहिलो. २०१० च्या राष्ट्रकुल खेळांसाठी दिल्लीत इंदिरा गांधी क्रीडासंकुलात लाकडी फळ्यांचे छताखालचे रिंगण बांधले गेले, आणि तेथे मुले नियमाने सराव करू लागल्यावर फळ दिसू लागले. अंदमान-निकोबारच्या एसो अल्बेन याने २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील ऐगल येथे कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. पुढच्याच वर्षी जर्मनीत एसो, रोनाल्डो सिंग व रोजित सिंग या तिघांनी कनिष्ठ गटाच्या सांघिक धावशर्यतीत जागतिक सुवर्णपदक जिंकले. रोनाल्डोने २०२२ मध्ये दिल्लीच्या रिंगणातच आशियाई स्पर्धेत ज्येष्ठ गटाचे रौप्यपदक मिळविले. त्याच वर्षी राष्ट्रकुल खेळांत भारताच्या मुलींच्या चमूत आपल्या महाराष्ट्राच्या मयूरी लुटे व शशिकला आगाशे होत्या. ही मुले कोण्या धनिकांच्या घरची नव्हेत. अंदमान व मणिपूर येथून दिल्लीस जावयाचे म्हणजे जळगाव-धुळ्याहून जाण्यापेक्षा कितीतरी लांबचा प्रवास. पाय सर्वत्र असतात. ते कोठे फिरवावयाचे, ती जागा सर्वत्र नसते.

महाराष्ट्रात पुण्याजवळ बालेवाडीस, १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभारलेल्या क्रीडासंकुलात, असे एक रिंगण आहे. खानदेशात नाही. आणि नसल्यामुळे काय होते, ते आता सांगितले पाहिजे. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्गशीर्षातली पहाट होती. आम्ही चौघे नेहमीप्रमाणे महामार्गावर एका ओळीत चाललो होतो. पूर्वी ६ क्रमांकाचा म्हणून सर्वांस ठाऊक असलेला, आता ५३ क्रमांकाचा झालेला हाच तो महामार्ग. त्या दिवशी आम्ही वेळ लावली होती. ठरलेल्या दोन फाट्यांमधले अंतर मागच्या आठवड्यापेक्षा कमी वेळात कापावयाचे, असा पण होता. मागून येणाऱ्या एका मालमोटारीने शेवटच्या सोबत्यास धक्का दिला व ती न थांबता निघून गेली. त्याचे प्राण वाचले. परंतु मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. तो आज चालतो, हिंडतो, हसतो. सायकलीवर मात्र बसत नाही. त्याच्या मातोश्रींनी ती माळ्यावर टाकविली, आणि त्यांना दोष देण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणासही झाले नाही.

मालमोटारीच्या चालकाचा अपराध उघड आहे. परंतु त्या रात्रीपासून आमच्या मनात एक प्रश्न सलत राहिला आहे. आम्ही मान खाली घालून घड्याळ जिंकू पाहत होतो. तो रस्ता त्यासाठी होता काय? रस्ता हा कोठेतरी जाण्यासाठी असतो. तेथे शेतकरी जातो, रुग्ण जातो, शाळकरी मूल जाते. वेगाची हौस वाईट नव्हे. ती तारुण्याचीच नव्हे, तर आमच्यासारख्या प्रौढांचीही असते. पण तिला तिची जागा हवी. ती जागा दिली नाही, तर ती हौस नाहीशी होत नाही; ती रस्त्यावर येते. आज सायकलीवरून महामार्गावर वेग मोजणारा आणि उद्या मोटारसायकलीवरून वेडीवाकडी वळणे घेणारा मुलगा, हे दोघे एकाच उणिवेचे बळी आहेत.

यावर काही आक्षेप घेण्यात येतात. पहिला असा की, हा श्रीमंतांचा खेळ आहे. एकेका सायकलीस लाखो रुपये पडतात. जागतिक शर्यतींपुरते हे खरे आहे. परंतु आरंभासाठी घरची सायकल पुरते. इंग्लंडात गवताच्या मैदानावर रिंगण आखून सायकलीच्या शर्यती घेण्याची जुनी रीत आहे. आपल्या मैदानावर धावण्याच्या शर्यतीसाठी फक्की मारून जशी वर्तुळे आखतात, तशीच ही आखावयाची.

दुसरा आक्षेप आमच्या उन्हाचा. येथे गंमत अशी की, विक्रम करावयाचा असला म्हणजे छताखालची रिंगणे मुद्दाम तापवितात व तेथील उष्णता सव्वीस-अठ्ठावीस अंशांवर ठेवतात. कारण उष्ण हवा विरळ असते व स्वारास कमी अडविते. एडी मर्क्स याने १९७२ साली एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापले, ते याच विरळ हवेसाठी उंचावरच्या मेक्सिको शहरी जाऊन. ज्यासाठी इतरांस पैसा मोजावा लागतो, ते खानदेशास निसर्गाने जरा सढळ हातानेच दिले आहे. अर्थात सराव पहाटेच करावयाचा, हे सांगणे नको.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना. सायकल हे गरिबाचे वाहन. मुलगा शिकून मोठा व्हावा आणि त्याने मोटार घ्यावी, सायकलीत काय आहे? या विचाराने आमच्या शाळांच्या सायकली ठेवण्याच्या जागा ओस पडू लागल्या आहेत. आमच्या वेळी तेथे हँडलात हँडल अडकून सायकल काढणे मुश्किलीचे होई. आता शाळा सुटताना दारात मोटारसायकलींचीच दाटी अधिक होते. सरकार मानव विकास कार्यक्रमातून दूरच्या गावांतील मुलींना शाळेत येण्यासाठी सायकली देते. सायकलीने त्या मुलींस शाळेपर्यंत आणले; शाळेने त्या सायकलीचा मान राखावयास नको काय? शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी राखीव जागा असतात, हे सांगून पालकांस वळविता येईल. परंतु आम्ही त्या वाटेने जाणार नाही. नोकरीसाठी सायकल चालविणारा हा नवशा झाला. आम्ही हौशाच्या बाजूने बोलत आहोत.

हौशाचे समाधान कशात असते, तेही सांगतो. १८९३ साली हेन्री देग्रांज याने पॅरिसच्या रिंगणात एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापले. तेव्हापासून ‘तासाचा विक्रम’ ही परंपरा सुरू झाली, आणि २०२२ मध्ये इटलीच्या फिलिप्पो गान्ना याने तो आकडा ५६.७९२ पर्यंत नेला. आम्ही वर्षातून एकदा आमचा तास मोजतो. मागील वर्षी तो चोवीस किलोमीटरांवर होता. त्याआधी पंचवीसवर होता. देग्रांजच्याही दहा किलोमीटर मागे असलेल्या आमच्यासारख्यास गान्नाची कामगिरी पाहून खिन्नता वाटत नाही, उलट जवळीक वाटते. साठ मिनिटे त्यालाही तेवढीच लांब असतात. ज्याने स्वतः वाऱ्यात तास काढला आहे, त्यालाच दुसऱ्याच्या तासाचे मोल कळते. खेळाचा खरा रसिक असाच तयार होतो.

असो. आता आमचे मागणे. ते तीन भागांचे आहे. पहिला भाग शाळेकडे. क्रीडादिनी मैदानावर फक्कीने दोनशे मीटरांचे रिंगण आखावे आणि साध्या सायकलींच्या तीन शर्यती घ्याव्यात: एक सावकाश सायकलीची, जी आहेच, दुसरी दहा मिनिटांत कोण किती अंतर कापतो याची, आणि तिसरी चौघांच्या चमूची, जिच्यात घड्याळ तिसऱ्यावर थांबेल. मुलींसाठी व मुलांसाठी त्या सारख्याच असाव्यात. सपाट मैदानावर वळणे कललेली नसतात, म्हणून वेग आपोआपच बेताचा राहतो. एखादे ढोपर फुटेल, परंतु मालमोटारीची भीती नाही.

दुसरा भाग खानदेशाच्या पुढाऱ्यांकडे व क्रीडाधिकाऱ्यांकडे. सबंध खानदेशात मिळून काँक्रीटचे एक तरी रिंगण बांधावे. १९०६ साली एका खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हापासून एखादी नवी गोष्ट जळगावास व्हावी की धुळ्यास, हा वाद आम्ही मोठ्या प्रेमाने जपला आहे. या एका बाबतीत आम्ही जळगावकर असूनही आधीच हार मानतो. ते धुळ्यास झाले तरी चालेल. आम्ही वारा अंगावर घेत येऊ, आणि परतताना तो आमच्या पाठीशी असेल.

तिसरा भाग रस्ते बांधणाऱ्यांकडे. महामार्ग रुंद झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्या कडेला, जेथे जेथे शाळा आहे तेथे तरी, दोन्ही अंगांनी सायकलीपुरती एक सलग पट्टी राखावी, आणि ती भाजीच्या गाड्यांनी व उभ्या मालमोटारींनी अडू देऊ नये. वेगवानांसाठी रिंगण आणि नित्याच्या प्रवाशासाठी निर्भय कड, ही दोन्ही मागणी मुळात एकच आहे.

विद्यार्थिमित्रांनो, पहिला भाग तुमच्या हातचा आहे. त्यासाठी वर्गणी नको, अर्ज नको. एक पाटी फक्की, एक लांब दोरी व मुख्याध्यापकांची परवानगी एवढे पुरे. चौघे-चौघे एकत्र या. सर्वांत बळकट असेल त्याने पुढे पळू नये. सर्वांत अशक्त असेल त्याने लाजू नये. तिसरा कोठे आहे हे प्रत्येकाने पाहत राहावे. वेळ मोजण्यासाठी मात्र नीट माणूस हवा, कारण अर्ध्या सेकंदावरून भांडणे होतात. त्याची काळजी करू नका. आमचा चौथा सोबती घड्याळ घेऊन मैदानावर येण्यास तयार आहे. आम्ही त्याला विचारून ठेविले आहे.